मेडोज टेलर: तीन भाषांच्या मुलखाचा कादंबरीकार

इंग्रजी साहित्याच्या इतिहासात फिलिप मेडोज टेलर हे नाव टिकून राहिले ते एका पुस्तकाच्या जोरावर. १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीने त्याला एकाएकी नामवंत केले. छापखान्यातून निघतील तशी कच्ची पाने राणी व्हिक्टोरियाने मागवून घेतली, असे त्यानेच आत्मचरित्रात सांगून ठेवले आहे. या पहिल्या पुस्तकानंतर त्याने ‘टिपू सुलतान’ (१८४०), ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५), ‘सीता’ (१८७२) आणि मृत्यूनंतर आलेली ‘अ नोबल क्वीन’ (१८७८) अशा आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. पण जगाच्या लेखी तो ठगांचा कादंबरीकारच राहिला. हा हिशेब उलटा मांडला गेला आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. ठगांच्या कादंबरीने टेलरला कीर्ती दिली, परंतु त्याचे खरे काम तुळजापूर, नळदुर्ग, कलबुर्गी, सुरपूर आणि कृष्णाकाठ या पट्ट्याला कादंबरीत आणण्याचे होते. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू जिथे एकाच बाजारात बोलल्या जातात, तो हा मुलूख. तो टेलरला कळला तो कचेरीत बसून. म्हणून त्याच्या लेखनातला बारकावा कचेरीचा आहे आणि त्यातला दोषही कचेरीचाच आहे. या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या तरच त्याचा वारसा नीट जोखता येतो.

टेलरचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीत नोकरी करण्यासाठी तो मुंबईला आला. पेढीचे काही खरे नाही हे लवकरच उघड झाले, आणि १८२४ अखेर ओळखीपाळखीतून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. पुढचे सगळे या एका योगायोगावर ठरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत गेला असता तर बढती, पगार आणि मान हे सारे जास्त मिळाले असते, पण बदल्याही हिंदुस्थानभर झाल्या असत्या. निजामाच्या चाकरीमुळे तो जवळजवळ आयुष्यभर दख्खनमध्ये राहिला. फारसी, हिंदुस्थानी आणि मराठी तो शिकला. ऐन विशीत पोलीस अंमलदार म्हणून तुळजापूरला राहून आसपासच्या गावांचे तंटे, चोऱ्या आणि दरोडे त्याने हाताळले. १८३२ मध्ये हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. पामर यांची आई हिंदुस्थानी होती. म्हणजे या माणसाचे घर, भाषा आणि भाकरी तिन्ही दख्खनच्या होत्या. त्याच्या काळात हिंदुस्थानावर लिहिणाऱ्या बहुतेक इंग्रजांना हे लाभले नव्हते.

१८४१ मध्ये त्याला सुरपूरला धाडण्यात आले. इंग्रजी कागदांत याचे नाव शोरापूर. पूर्वी गुलबर्गा (आताच्या कलबुर्गी) जिल्ह्यात असलेले हे गाव २००९ पासून यादगीर जिल्ह्यात आहे. बेरड नायकांचे हे संस्थान लहान, पण त्याचा इतिहास मोठा. १७०५ मध्ये औरंगजेबाने जातीने वेढा घातलेली वागिनगेरा ही याच नायकांची गढी, आणि तो त्या बादशहाचा अखेरचा वेढा. त्या वेळी पिड्या नायकाच्या मदतीला धनाजी जाधवांची मराठी फौज धावून आली होती. टेलर पोहोचला तेव्हा राजा कृष्णप्पा वारलेला, वारस व्यंकटप्पा नायक लहान, राणी ईश्वरम्मा एका बाजूला आणि राजाचा भाऊ दुसऱ्या बाजूला, असा पेच होता. टेलरने कारभार हाती घेतला आणि १८५३ पर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, तो सुरपूरचा प्रत्यक्ष राज्यकर्ता होता. कर्ज फेडणे, जमाबंदी बसवणे, तलाव आणि रस्ते, अल्पवयीन राजाचे शिक्षण ही सारी कामे त्याने केली. गावात त्याने बांधलेली कोठी ‘टेलर मंझील’ या नावाने आजही ओळखली जाते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर रायचूर दोआब आणि धाराशिवचा भाग इंग्रजांकडे दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्हा टेलरकडे आला आणि तो पुन्हा मराठी गावांत परतला. ‘तारा’ लिहिणाऱ्या माणसाची तयारी म्हणजे ही तीस वर्षांची नोकरी.

आता ठगांच्या कादंबरीकडे वळू. तिच्यावरचा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. विल्यम स्लीमनने ठगांचा मोड करण्यासाठी जी यंत्रणा उभारली, ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर चालत होती. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढाच जन्मठेपेला पुरेसा गुन्हा ठरला. फाशी टाळायची असेल तर जास्तीत जास्त खून आणि जास्तीत जास्त साथीदार सांगणे ज्याच्या हिताचे आहे, अशा माणसाची जबानी किती खरी मानायची? अलीकडच्या इतिहासकारांनी हाच प्रश्न विचारला आहे. वाटमारी आणि गळफास लावून केलेले खून होतच होते, हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो सबंध देशभर पसरलेल्या, भवानीच्या आज्ञेने चालणाऱ्या एकजीव पंथाच्या चित्राबद्दल. हे चित्र इंग्रज वाचकांच्या घरोघर पोहोचवण्यात टेलरच्या कादंबरीचा वाटा मोठा होता. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांची कबुली देतो आणि लेखक प्रस्तावनेत ही हकीकत बहुतांशी खरी असल्याचे बजावतो. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. जन्मजात गुन्हेगारीची जी कल्पना त्यामागे होती, तिला अशा पुस्तकांनी खतपाणी घातले, हा आरोप झटकून टाकता येत नाही.

तरीही कादंबरी उघडून वाचली की एक विसंगती दिसते. पुस्तकभर बोलतो तो अमीर अली. साहेब बहुतेक वेळ नुसता ऐकतो. हा अमीर अली राक्षस वाटत नाही. तो घोड्यावर, कपड्यांवर आणि स्वतःच्या वाक्चातुर्यावर खूश असलेला, मुलांवर जीव टाकणारा, दिलेल्या शब्दाचा अभिमान बाळगणारा देखणा पुरुष आहे. ज्या ठगांनी त्याच्या आईबापांना मारले, त्यांच्यातल्याच एकाने त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. आणि पुढे स्वतः अमीर अलीच्या हातून नकळत सख्ख्या बहिणीचा बळी गेला. जन्मामुळे गुन्हेगार होतो, या सिद्धांताला हे कथानकच छेद देते, कारण ठगाच्या घरात वाढलेला हा मुलगा जन्माने ठग नाही. पोलीस खात्याचा निष्कर्ष टेलरने स्वीकारला, पण माणूस रंगवताना कादंबरीकाराने पोलिसाचे ऐकले नाही. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. या कादंबरीतला प्रदेश हा प्रवासाचा आहे: वाटा, सराया, मुक्काम, आमराया. गाव तिच्यात राहत नाही, गाव मागे पडत जाते. मुलखाची खरी वस्ती टेलरच्या लेखनात आली ती चोवीस वर्षांनी, ‘तारा’मध्ये.

‘तारा’ तुळजापुरात सुरू होते. व्यासशास्त्री हे तिथले विद्वान ब्राह्मण, त्यांची बायको आनंदीबाई, धाकटी सवत राधा, आणि बालपणीच विधवा झालेली, संस्कृत शिकलेली मुलगी तारा, हे घर कादंबरीच्या केंद्राशी आहे. दुसरे घर विजापूरला, अफजलखानाचे. त्याचा मुलगा फाजल आणि मुलगी झैना ही तिथली तरुण पिढी. तुळजापूरच्या देवळावर खानाची स्वारी येते, ताराचे घर उद्ध्वस्त होते, तिच्यावर डोळा असलेला मोरो त्रिमल तिला पळवतो, आणि वाईला सती जाण्याच्या प्रसंगातून फाजल तिची सुटका करतो. हे कथानक एखाद्या नाटक कंपनीने उचलावे इतके नाट्यमय आहे. पण पुस्तकाचे मोल घटनांपेक्षा घरांत आहे. सवतींमधली तेढ, भोप्यांचे आणि पुजाऱ्यांचे मानपान, देवीला वाहिलेल्या मुरळीचे जिणे, विजापूरच्या हवेलीतला पडदा, कोतवालाची गुप्त माणसे हे सारे ज्या सावकाश लयीने येते, ती लय फिर्यादी ऐकणाऱ्या अंमलदाराची आहे. घराघरांतली भांडणे त्याच्यासमोर अर्ज होऊन येत असणार. विधवापुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा आणि ही कादंबरी १८६३ ची. महाराष्ट्रात हा प्रश्न ऐरणीवर असताना एका शिकलेल्या ब्राह्मण विधवेला नायिका करणे, हे सतराव्या शतकाच्या पडद्याआडून आपल्या काळाविषयी बोलणेच होते. १८५७ सालावर बेतलेल्या ‘सीता’मध्ये तर हिंदू विधवा आणि इंग्रज अधिकारी यांचा विवाह दाखवण्यापर्यंत टेलरची मजल गेली.

मराठी वाचक इथे दोन हरकती घेईल आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली इतिहासाची. मराठ्यांचा उदय १६५७, प्लासी १७५७ आणि बंड १८५७ अशी शंभर-शंभर वर्षांची साखळी टेलरने मनाशी धरली आणि ‘तारा’, ‘राल्फ डार्नेल’ आणि ‘सीता’ या तीन कादंबऱ्या त्या साखळीत ओवल्या. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा आहे. तो या सुबक मांडणीत बसत नाही. शिवाय या साखळीचा गर्भितार्थ असा होतो की मराठ्यांचा उदय ही इंग्रजी राज्याच्या कथेची पहिली पायरी होती. हा दृष्टिकोन मान्य करण्याचे कारण नाही. दुसरी हरकत भावनेची. अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून अफजलखान आपल्या मनात एकाच रूपात आहे, आणि टेलरने त्याचे घर दाखवले, मुलगा नायक केला, नायिकाही त्याच्या घरात दिली. हरकतीमागची भावना समजू शकते, पण तिच्यामुळे कादंबरी खोटी ठरत नाही. आदिलशाहीची चाकरी करणारे मराठे देशमुख आणि सरदार त्या काळी थोडेथोडके नव्हते. खानाच्या फौजेतही मराठे होते. शत्रूच्या घरी चूल आणि लेकरे असतात हे दाखवल्याने प्रतापगडचे महत्त्व उणे होत नाही. टेलरच्या कादंबरीवर टीका करायचीच तर ती दुसरीकडे करावी. ताराला सुख मिळण्यासाठी तिचा समाज सोडावा लागतो, त्या समाजात राहून तिची वाट निघेल अशी शक्यता लेखकाला सुचत नाही. महाराष्ट्रातले सुधारक नेमक्या त्याच शक्यतेसाठी भांडत होते. कचेरीतून प्रश्न दिसला, उत्तर शोधणारी माणसे मात्र दिसली नाहीत.

‘अ नोबल क्वीन’ ही चांदबिबीची कादंबरी. नाव घेतले की अहमदनगरचा किल्ला आठवतो. पण तिची सुरुवात कृष्णेच्या पुरात, जलदुर्ग आणि छायाभगवतीच्या परिसरात होते. नारायणपूरजवळ कृष्णा खडकांतून कोसळते तो हा भाग, सुरपुरापासून फार लांब नाही. इथे बेरड नायक पात्रे म्हणून येतात, आणि तीही लुटारू म्हणून नव्हे, तर वतन, शौर्य आणि निष्ठा असलेली माणसे म्हणून. ज्या जमातीला इंग्रजी दप्तरांत सरसकट उपद्रवी म्हटले जाई, तिच्यात बारा वर्षे काढलेल्या माणसाने तिला कादंबरीत माणूसपण दिले. १३४७ मध्ये कलबुर्गीला बहमनी गादी स्थापन झाली, पुढे ती बिदरला गेली आणि तिच्या मोडतोडीतून विजापूर, अहमदनगर, बिदर ही राज्ये निघाली. त्या सबंध दख्खनी जगाचा नकाशा टेलरच्या डोळ्यांसमोर सलग होता. त्यात कन्नड बोलणारा नायक, मराठी बोलणारा कुलकर्णी आणि दखनी बोलणारा किल्लेदार हे परके नाहीत. एकाच व्यवस्थेतले भागीदार आहेत.

सगळ्यांत गंभीर आक्षेप मात्र कादंबऱ्यांवर नाही, माणसावर आहे. ज्या व्यंकटप्पा नायकाला टेलरने शिकवले, जो त्याला ‘अप्पा’ म्हणत असे, त्याने फेब्रुवारी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले. सुरपूर पडले, राजा हैदराबादेत पकडला गेला. त्याला मृत्यूची शिक्षा झाली, ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली, आणि मद्रासकडे नेत असताना वाटेत गोळी लागून तो मेला. इंग्रजी दप्तराने ती आत्महत्या म्हटली. या मुलखातील लोकांनी त्याला हुतात्मा मानले. संस्थान खालसा होऊन १८६० मध्ये निजामाला दिले गेले. या काळात आयुक्त म्हणून सुरपूरला परत आलेला अधिकारी टेलरच होता. ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ (१८७७) या आत्मचरित्रात त्याने ही हकीकत विस्ताराने सांगितली आहे. तिच्यात कळवळा आहे, कैदेतल्या राजाची भेट आहे, त्याच्या कुंडलीतल्या अल्पायुष्याच्या भाकिताची गोष्ट आहे. मात्र राजाने बंड का केले याचे उत्तर तेच आहे जे कोणताही अधिकारी देईल: वाईट सल्लागारांनी त्याला फितवले. आपण हाताने वाढवलेल्या माणसाला आपले राज्य नकोसे वाटू शकते, ही शक्यता टेलरच्या लेखणीतून उमटत नाही. पितृभाव कितीही खरा असो, तो सत्तेचा पितृभाव होता. म्हणून त्याला टाकून द्यायचे काय? तसे केले तर व्यंकटप्पा नायकाच्या शेवटच्या दिवसांविषयी सर्वांत जवळून पाहिलेल्या माणसाची साक्षही आपण गमावतो. पक्षपाती साक्षीदार फेटाळायचा नसतो, त्याची उलटतपासणी करायची असते.

कचेरीच्या गुणाचा उत्तम दाखला मिळतो तो टेलरच्या उत्खननांत. जेवर्गी, राजनकोळूर, विभूतिहळ्ळी या गावांजवळची दगडी शवस्थाने आणि शिळावर्तुळे त्याने उघडून पाहिली. थर, हाडे, मडकी, लोखंडाच्या वस्तू यांची आकृत्यांसह नोंद केली आणि १८५१ पासूनच्या दशकभरात मुंबईच्या आणि आयर्लंडच्या विद्वत्सभांच्या नियतकालिकांत निबंध छापले. युरोपातल्या तशाच शवस्थानांशी नाते जोडण्याचा त्याचा सिद्धांत पुढे टिकला नाही, पण नोंदी टिकल्या. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली १९४१ मध्ये ते निबंध पुन्हा प्रसिद्ध केले. कादंबऱ्यांचेही असेच आहे. सिद्धांत कोसळला तरी पाहणी उरते.

मराठी साहित्यावरचे टेलरचे ऋण सहसा एका ओळीत उरकले जाते. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. तिच्यापासून मराठी ऐतिहासिक कादंबरीची गणती सुरू होते. पण या प्रकाराला खरे बळ देणाऱ्या हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीत पहिले पाऊल टाकले ते ‘म्हैसूरचा वाघ’ने, आणि तिचा आधार होता टेलरची ‘टिपू सुलतान’. त्यानंतर काही वर्षांतच ‘उषःकाल’ आली. तिच्यात विजापूर दरबार आणि त्या दरबारचे मराठे सरदार आहेत, आणि बापाची निष्ठा व मुलाची निष्ठा यांचा झगडा आहे. उत्तरकाळात ‘वज्राघात’मध्ये हरिभाऊ विजयनगरच्या पाडावापर्यंत, म्हणजे कृष्णाकाठच्या रणापर्यंत गेले. प्रत्येक ठिकाणी टेलरचा प्रभाव दाखवण्याचा अट्टहास नको. इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचे वाचन दोघांच्याही पाठीशी होते. मात्र दख्खनच्या इतिहासातली घरे, नोकरचाकर आणि दरबारी कारस्थाने यांतून कादंबरी उभी राहू शकते, याचा नमुना हरिभाऊंच्या हाती टेलरनेच दिला होता. त्यांनी दिशा बदलली. टेलरला जिथे साम्राज्याची साखळी दिसली, तिथे त्यांना स्वराज्याची पहाट दिसली. वारसा असाच चालतो. घेणारा तो बदलून घेतो.

मग या मुलखालाच टेलर परका का वाटतो? त्याच्या कादंबऱ्या लांबलचक आहेत, संवाद जुनाट बायबली इंग्रजीत आहेत, आणि आजच्या वाचकाला त्या संथ वाटतात, हे एक कारण खरेच. दुसरे कारण नकाशाचे आहे. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. कलबुर्गी, रायचूर आणि बिदर आजच्या कर्नाटकात गेले. बिदरमधून उदगीर, अहमदपूर, निलंगा आजच्या महाराष्ट्रात आले. तुळजापूर आणि नळदुर्ग मराठवाड्यात राहिले. भाषावार राज्यांची मागणी न्याय्य होती, याबद्दल शंका नाही. परंतु साहित्याचा इतिहासही त्याच रेषांनी कापला गेला. तुळजापूरचा टेलर मराठीच्या वाट्याला, सुरपूरचा कन्नडच्या वाट्याला आणि हैदराबादचा उर्दूच्या वाट्याला गेला, आणि अखंड टेलर कोणाच्याच अभ्यासक्रमात राहिला नाही. वास्तविक टेलरच्या काळी हुमनाबादला श्रीमाणिकप्रभू (१८१७–१८६५) मराठी, कन्नड आणि उर्दूत पदे रचत होते आणि तिथल्याच माणिकनगरच्या दरबारात सर्व पंथांची माणसे बसत होती. टेलरने कादंबरीत जो मिश्र समाज दाखवला, तो साहेबाच्या कल्पनेतला नव्हता, याला माणिकनगरइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांतील मराठी माणूस तो समाज आजही रोज जगतो. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी.

तेव्हा निवाडा असा. टेलर पहिल्या प्रतीचा कादंबरीकार नव्हता. स्कॉटच्या पंगतीत त्याला बसवण्याचे कारण नाही. तो निःपक्षपाती साक्षीदारही नव्हता. सत्ता त्याच्या हाती होती आणि लेखणी त्या सत्तेच्या बाजूने झुकलेली होती. पण बिदर-कलबुर्गीपासून तुळजापूरपर्यंतच्या दख्खनला आधुनिक कादंबरीत सलगपणे आणणारा पहिला लेखक तोच, आणि या भागाच्या सामाजिक इतिहासाची इतकी बारीक नोंद त्याच्या काळातल्या दुसऱ्या कोणा कादंबरीकाराने ठेवलेली नाही. या नोंदीचा उपयोग करून घेणे आता आपल्या हाती आहे. ‘तारा’, ‘अ नोबल क्वीन’ आणि आत्मचरित्र या तीन पुस्तकांच्या सटीप आवृत्त्या मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी मिळून सिद्ध कराव्यात. गावांची नावे ताडून पाहावीत, तारखा दुरुस्त कराव्यात, आणि बेरडांच्या व व्यंकटप्पा नायकाच्या लोकपरंपरेतल्या हकीकती टेलरच्या हकीकतीशेजारी छापाव्यात. कलबुर्गीत गुलबर्गा विद्यापीठ आहे, जवळच कडगंचीला केंद्रीय विद्यापीठ आहे. तिन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांइतके दुसरीकडे क्वचितच मिळतील. काम एका भाषेच्या आवाक्यातले नाही, आणि म्हणूनच ते सीमाभागानेच हाती घ्यावे.